कापसात बुडालेले हात

त्या वर्षांत दिग्रसच्या आसपास एकही भिंत कोरी राहत नव्हती. बियाण्यांच्या कंपन्या आल्या होत्या आणि रस्त्याकडे तोंड असलेल्या प्रत्येक घरावर, गोठ्यावर, एसटीच्या थांब्यावर कापूस फुटला होता. हिरव्या पानांत माणसाच्या डोक्याएवढी पांढरी बोंडं, शेजारी फेटा बांधलेला हसरा शेतकरी, खाली कंपनीचं नाव. आधी हे सगळं जहीर पेंटर काढायचा. त्याचा हात थरथरू लागल्यावर त्याची मुलगी अस्मा काढू लागली. शेतातल्या बोंडात अळी निघे, भिंतीवरच्या बोंडात निघत नसे. लोक हे म्हणायचे, आणि म्हणून झाल्यावर हसायचे नाहीत.

अस्मा नववीपर्यंत शिकली. पण अक्षरांशी तिची ओळख शाळेच्या आधीची होती. जहीर पत्र्यावर खडूनं अक्षराची कड आखून द्यायचा आणि ती आतला रंग भरायची. वाचता येण्याआधीच तिनं किराणा, पंक्चर, हेअर कटिंग असे कितीतरी शब्द भरून टाकले होते. पुढे कडही तीच आखू लागली. मध्ये पुसदला लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी सगळं मान्य केलं, फक्त मुलीनं शिडीवर चढायचं नाही, एवढं म्हणाले. जहीरनं आपले दोन्ही हात पुढे करून दाखवले. ते लोक चहा पिऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. अस्मा कमीजवर अब्बाचा जुना शर्ट चढवून, ओढणी कमरेला गुंडाळून शिडीवर चढत राहिली. भिंत पुरी झाली की खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहायची, जहीर पेंटर, दिग्रस. गिऱ्हाईक त्याच नावाला ओळखत होतं.

मग शाळांच्या भिंती रंगवायचं काम निघालं. वरून एक छापील तक्ता आला होता. त्यात अननस होता, आई होती, इमारत होती, आणि तक्त्याबाहेर काही काढायचं नाही, अशी सूचना होती. दिग्रसहून पुसदच्या रस्त्याला लागून थोडं आत गेलं की बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. तिथल्या शाळेत अस्मा पोचली तेव्हा मधल्या सुट्टीतली पोरं शिडीभोवती जमा झाली. तिनं अननस काढला. अननस कुणी पाहिलेला नव्हता, पण त्याला पोरांनी हरकत घेतली नाही. मग तिनं आई काढली. गोरी, हिरव्या साडीची, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यामागे अंबाडा.

"हे कोन हाय?" एका पोरीनं खालून विचारलं.

"आई."

"कोनाची?"

"तुही."

पोरीनं चित्राकडे नीट पाहून घेतलं. "माही याडी अशी नाही. हे तलाठ्याची बायको दिसते."

पोरं हसली. वर्गाच्या दारात उभी असलेली वर्षा गुरुजीही हसली. तांड्यात पुरुष असो की बाई, शिकवणाऱ्याला गुरुजीच म्हणत. वर्षा त्याच तांड्यातली. वडील ती लहान असताना गेले. आई मानीबाईनं दुसऱ्यांच्या शेतात निंदण-वेचण करून तिला शिकवलं, आणि तिला आपल्याच तांड्यात नोकरी लागली.

"खरं हाय तिचं," वर्षा म्हणाली. "पुसून टाक ना वं."

"तक्ता सरकारी हाय, मॅडम. पुसलं तर बिल निघत नाही."

"मंग राहू दे बापा."

ती बाई भिंतीवर राहिली. पोरं तिला तलाठीणबाई म्हणू लागली. पण त्या दिवसापासून वर्षा आणि अस्मा यांची ओळख झाली आणि वर्षा दिग्रसच्या बाजाराला आली की जहीर पेंटरच्या दुकानात टेकू लागली. ती पोरांसाठी गोष्टी जुळवत असे, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, कारण पहिलीतल्या पोरांना मराठी कळायला दिवाळी उजाडायची. अस्मा ब्रश धुताधुता ऐकायची. काही कळे, काही नाही.

पुण्याच्या एका संस्थेनं यवतमाळला शिबिर भरवलं, त्याची खबर वर्षानंच आणली. संस्था लहान मुलांची पुस्तकं काढत असे. तिचं म्हणणं असं होतं की पुस्तकांत तीच ती घरं, तीच ती मुलं येतात, कारण लिहिणारे आणि चित्रं काढणारे एकाच ठिकाणचे आहेत. तांड्यांतून, कोलामांच्या पोडांवरून, मोहल्ल्यांतून लिहिणारे आणि चित्रकार शोधायचे होते. वर्षा अस्माला ओढूनच घेऊन गेली.

शिबिर घेणाऱ्या मॅडम मनानं चांगल्या होत्या. त्या सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसत, प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवत, कुणी अडखळलं तर वाट पाहत. एका कोलाम मुलानं आपल्या बोलीत दोनच वाक्यं म्हटली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. ते पाणी खोटं नव्हतं.

वर्षानं तिथे कापसाची गोष्ट सांगितली. भाव येईल म्हणून कापूस विकायचा थांबवलेला असतो. घरात आढ्यापर्यंत कापूस. माणसं कडेकडेनं वावरतात. एक लहान मुलगी लपाछपी खेळताना त्या कापसात शिरते आणि आत आत जाते. आई हाका मारते. मुलगी हसू दाबून बसते. मग कापूस नाकात जातो, मुलगी शिंकते, आणि आई दोन्ही हात कापसात खुपसून तिला बाहेर ओढते. गोष्ट एवढीच. पण ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरात त्या घडीला कापूस भरलेला होता, आणि शिंकेपर्यंत कुणी हाललं नाही.

अस्मानं तिथल्याच एका कागदावर पेन्सिल चालवली. भिंतीवर आधी चुना मारावा लागतो, मग पांढरा रंग द्यावा लागतो, तेव्हा कुठे बोंड पांढरं होतं. इथे कागद आधीच पांढरा होता. तिनं कापूस काढलाच नाही. कागद तसाच सोडला आणि वरून खाली येणारे दोन हात काढले, कोपरापर्यंत बुडालेले. तळाशी एक डोळा.

मॅडमनी तो कागद उचलून उजेडात धरला. मग म्हणाल्या, "हे पुस्तक तुम्ही दोघींनी करायचं. वर्षा, गोष्ट तुमची. अस्मा, चित्रं तुमची. मुखपृष्ठावर दोघींची नावं."

परतीच्या एसटीत अस्मा खिडकीशी बसली होती. दारव्हा गेल्यावर तिनं विचारलं, "नाव म्हंजे अस्मा लिहितीन का जहीर पेंटर?"

"येडी हाय का तू? अस्माच लिहितीन."

"पूर्तं नाव?"

"पूर्तं."

ती पुन्हा बाहेर पाहू लागली. रस्त्याकडेच्या भिंतींवर तिचीच बोंडं एकामागून एक मागे पळत होती, आणि त्यांतल्या एकाही भिंतीवर ती नव्हती.

चित्रं काढायला ती उन्हाळ्यात तांड्यावर जाऊ लागली. मॅडमनी सांगितलं होतं, आईचा पोशाख आपला असू द्या, साडी नको. तांड्यात फेटिया-कांचळी, आरशांचा तो घागरा-चोळी, आता थोड्याच बाया घालत. त्यातून वैशाख होता. लग्नाची तीथ दाट होती. सकाळीच ट्रॅक्टर भरून बाया निघायच्या. दंडापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरलेल्या, आरसे चमकणारे, गाणी चालू. ट्रॅक्टर वळणाआड गेला की तांडा ओस पडायचा. मागे उरायची कुत्री, म्हातारी माणसं आणि रामीबाई.

रामीबाईचं वय चाळिशीच्या आत-बाहेर. नवरा मागच्या हंगामात गेला होता. कसा, ते अस्मानं विचारलं नाही. त्या वर्षांत कुणाच्या नवऱ्याबद्दल हा प्रश्न विचारायचा नसतो, हे सगळ्या गावांना न सांगता कळलं होतं. रामीबाई कुडाच्या सावलीत गोधडी शिवत बसायची आणि अस्मा समोर. घरात विकायचा राहिलेला थोडा कापूस होता. त्यात हात घालून दाखव म्हटलं की ती दाखवायची.

"नाक मोठं काढू नको वं. माही सासू म्हने, हिचं नाक पाह्यल्यावर बाकीची बाई दिसतच नाही."

"हात काढून राह्यली मी. नाक नाही."

"हात कायले? हातात काय ठेवलं हाय?"

"कापूस."

"तो तं सरकीच्या भावानं बी जात नाही," रामीबाई म्हणाली आणि हात तसेच धरून बसली.

अस्माला रंगाची नजर होती. अब्बाकडून तेवढं एक आलं होतं. रामीबाईचे हात उन्हानं रापलेले होते, काळपट तांबूस, पण कोपराच्या वर रंग बदलत होता. तिथे कातडी फिकी होती, जवळजवळ गव्हाळ. अस्मानं तो फिका रंग पुन्हा पुन्हा कालवला. आधी पिवळा जास्त झाला, मग गुलाबी. शेवटी एका दुपारी तो जमला आणि तिनं कागद लांब धरून पाहिला. तिनं आजवर भिंतीवर काढलेली माणसं सगळी एकाच डब्यातल्या रंगाची होती. हे हात एका माणसाचे होते.

दंडाच्या बांगड्यांचं तिच्या मनात आलंच नाही असं नव्हतं. लग्नाला जाणाऱ्या बायांच्या हातांत त्या ती रोज पाहत होती. तिला वाटलं, तो लग्नाचा साज असणार. तिच्या घरच्या बायाही शादीला जाताना हातभर बांगड्या चढवत आणि घरी आल्यावर उतरवून ठेवत. गोष्टीतली आई तर घरात आहे. घरातल्या बाईचे हात कसे असतात हे समोर दिसतच होतं.

चित्रं पुरी झाल्यावर तिनं ती वर्षाला दाखवली. वर्षानं एकेक कागद मांडीवर घेऊन पाहिला. त्या दोन हातांच्या चित्राशी ती थांबली आणि त्यावरून बोट फिरवलं.

"माह्या आईचेच हात हायेत हे," ती म्हणाली. "कसं जमलं तुले?"

अस्माचे कान गरम झाले.

छापण्याआधी पुस्तक ज्यांचं आहे त्यांना वाचून दाखवायचं, अशी संस्थेची पद्धत होती. शाळा सुरू झाल्यावर मॅडम तांड्यावर आल्या. वर्गात पोरं बसली, दाराखिडक्यांत बाया उभ्या राहिल्या, तांड्याचे नायक खेमसिंग खुर्ची टाकून बसले. अस्मा चित्रं हातात धरून उभी होती, वर्षा वाचत होती. पोरांनी एवढं ऐकणं मॅडमनी कधी पाहिलं नसावं. आपलीच बोली कागदावरून येते आहे याचा आधी पोरांना संशय आला, मग मजा वाटली. मुलगी शिंकली तेव्हा सगळा वर्ग शिंकला. अस्मानं ते हातांचं चित्र वर धरलं.

हसू थांबलं. पुढे बसलेल्या एका पोरीनं वर्षाला विचारलं, "येर बाप मरगो कांई?"

मॅडमनी वर्षाकडे पाहिलं. "काय म्हणाली?"

वर्षाचा आवाज बारीक झाला. "विचारून राह्यली का, हिचा बाप मेला का म्हणून."

"का बरं? गोष्टीत तर तसं काही नाही."

दारातली एक बाई पदराआडून बोलली, "हात पाहा ना. चूडो कोठी हाय? काढून घेतल्याची खूण बी दिसते."

मग सगळ्यांनाच दिसलं. कोपराच्या वरचा तो फिका पट्टा. वर्षानुवर्षं बांगड्यांखाली झाकलेली आणि नवऱ्याच्या दहाव्याला उघडी पडलेली कातडी. अस्मानं ती इतकी मन लावून काढली होती की कुणाचीही गफलत झाली नसती.

खेमसिंग नायक खुर्चीतून उठले. "आमच्या बोलीतलं पहिलं पुस्तक, मॅडम. पहिलं! अन् त्याच्यात रांडमुंड बाई? आमच्यात काय भरल्या हाताच्या बाया उरल्या नाही काय? पेपरवाले येतात ते बी तेच छापतात, तुमी बी तेच छापता." ते बोलता बोलता थांबले, आणि त्यांना कळलं हे हात कुणाचे ते. मागे वळून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. रामीबाई लिंबाखाली एकटी उभी होती. "तू कायले बसली वं हिच्यापुढं?"

"मले कोनी लग्नाले बोलावलं असतं तं मी कायले बसली असती?" रामीबाई तिथूनच म्हणाली.

खेमसिंग पुन्हा खुर्चीत बसले. पोरं मात्र अजून चित्राकडेच पाहत होती. अस्माला कागद खाली घ्यायचं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला, शिबिर झालं होतं त्याच खोलीत, मॅडमनी दोघींना समोर बसवलं. त्यांनी रात्रभर विचार केला असणार. चेहरा ओढलेला होता.

"ही चूक कुणाचीच नाही," त्या म्हणाल्या. "अस्मा, तुझ्या हाताबद्दल तर मला बोलायलाच नको. पण आपण हे काम कशासाठी करतो? इतकी वर्षं दुसऱ्यांनी यांची चित्रं काढली, बाहेरून पाहून. तेच आपल्याकडून पुन्हा व्हायला नको. माझंच चुकलं. मी आधीच आतला चित्रकार शोधायला हवा होता."

"मी चूडो काढून देते," अस्मा म्हणाली. "एका दुपारचं काम हाय. वरून रंग बसते."

"प्रश्न चूडोचा नाही गं."

"मंग कशाचा हाय?"

मॅडम पुढे झुकल्या. "आतून येण्याचा. आता बघ, वर्षा यांच्यातलीच आहे. ही चित्रं आधी वर्षाच्या नजरेखालून गेली असती तर तिला लगेच दिसलं असतं. हो ना, वर्षा?"

अस्मानं वर्षाकडे पाहिलं. मॅडमही पाहत होत्या. बाहेर मैदानावर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. वर्षा आपल्या चपलांकडे पाहत होती.

"हो, मॅडम," वर्षा म्हणाली.

अस्मा त्यानंतर काही वेळ थांबली. वर्षा पुढे काही म्हणेल म्हणून, किंवा आपणच काही म्हणू म्हणून. पण तो शब्द एकदा खोलीत ठेवला गेल्यावर त्याच्या शेजारी दुसरं काही ठेवायला जागा उरली नव्हती. ते खोटं आहे असं म्हणावं तर गोष्टीच्या मालकिणीलाच आपल्या माणसांची पारख नाही, असं ठरलं असतं, आणि मग कदाचित पुस्तकच गेलं असतं. पुस्तक जावं असं अस्माला वाटत नव्हतं. त्यातल्या मुलीची शिंक तिलाही ऐकू येत होती.

"नागपूरला राजकुमार म्हणून एक मुलगा आहे," मॅडम सांगत होत्या. "बंजारा समाजातलाच, चित्रकला शिकलेला. तो हे करील. आणि तुझं नाव आम्ही सोडणार नाही, अस्मा. तुझं वेगळं पुस्तक करू. तुमच्या घरची ईद. शीरखुर्मा, तुझी आजी, तिच्या गोष्टी."

"माही आजी जिनिंगमध्ये होती," अस्मा म्हणाली. "दिवसभर कापूस ओढे. घरी आली का डोकं पांढरं, भिवया पांढऱ्या. आमी तिले झटकून घरात घेत जाऊ. म्हून मी हे काढलं."

"किती सुंदर," मॅडम म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. "हे ईदच्या गोष्टीत नक्की घे."

बसस्टँडवर दोघी एकाच बाकावर बसल्या. दिग्रसची गाडी लागली तेव्हा वर्षा म्हणाली, "चाल ना." अस्मा म्हणाली, "तू जाय. मले रंग घ्यायचा हाय." तिला रंग घ्यायचा नव्हता. ती पुढच्या गाडीनं गेली.

पावसाळा ओढला, मग नको तेव्हा आला. कंपन्यांची नवी बियाणी आली, जुन्या भिंतींवर नवी नावं चढवायची कामं निघाली. अस्मा ती करत होती. राजकुमारचा एकदा फोन आला. बोलायला अदबशीर होता. वडील पोलीस खात्यात, लहानपण सगळं नागपूरच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. घरात कापूस भरलेला असतो म्हणजे कसं दिसतं, एवढं त्याला विचारायचं होतं. मॅडमनी तिचा नंबर दिला होता.

"पांढरा नाही दिसत," अस्मानं सांगितलं. "भिंतीकडून पिवळा दिसते. संध्याकाळी निळसर. अन् अंगाले खाजते. पोरगी आत बसली हाय तं ते खाजवून राह्यली पाह्यजे."

"हे मला सुचलंच नसतं, ताई," तो म्हणाला. "थँक यू."

ईदच्या पुस्तकाबद्दल मॅडमचा निरोप दोनदा आला. अस्मानं कागद समोर घेतला. तिला आजी काढता येत होती, पण जिनिंगमधली. नव्या कपड्यातली, शीरखुर्मा वाढणारी आजी कागदावर आली की तिला ती शाळेच्या तक्त्यावरची वाटे. तिनं निरोपाला उत्तर दिलं नाही.

पुढच्या हंगामाचा कापूस घरात येऊन पडला तेव्हा पुस्तक निघालं. वर्षा स्वतः घेऊन आली. दुकानासमोर पत्र्याचा एक बोर्ड विटांवर टेकवून अस्मा रंगवत होती. जहीर आत खाटेवर पडला होता. वर्षानं पुस्तक पुढे केलं. अस्मानं हात दाखवले, रंगाचे होते.

"तूच दाखव," ती म्हणाली.

वर्षानं एकेक पान उलटलं. चित्रं चांगली होती. आईच्या दंडावर चूडो होता, पांढरा, गच्च भरलेला, एकेक बांगडी मोजून घ्यावी असा. कापूस संध्याकाळचा निळसर होता. पोरगी आत बसून मानेला खाजवत होती.

"छपाई साफ आली," अस्मा म्हणाली.

"बोल ना काही."

"बोलली ना."

वर्षानं पुस्तक मिटलं. मग उभ्याउभ्याच, रस्त्याकडे पाहत बोलली. "मले वाटलं, हो नाही म्हटलं तं ते म्हनतीन का हे कसली गोरमाटी, तांड्यातली असून हिलेच आपली बाई वळखू येत नाही. अन् खरंच नव्हती येत. माह्या आईचे हात मी तसेच पाह्यले. मी चार वर्षांची होती तवापासून. मले ते हात रिकामे वाटलेच नाही कधी. मले वाटे, आईचे हात असेच असते."

अस्मानं ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि ढवळत राहिली.

"मंग ते तिथी सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी चुकली असं नव्हतं सांगायचं. आपुन दोघी चुकलो, एवढंच. दोघी म्हटलं असतं तं मले चाललं असतं."

"हो."

"मंग?"

"भीती वाटली."

"मले बी वाटली," अस्मा म्हणाली. "म्हून मी बी नाही बोलली."

वर्षा रडेल असं वाटलं, पण रडली नाही. पदर सारखा करत म्हणाली, "दुसरी गोष्ट लिहून राह्यली मी. विहिरीची हाय. मॅडमले सांगतो का चित्रं अस्माच काढीन. मी अडून बसीन या खेपेला."

"नको."

"काहून?"

"तू अडून बसशीन, अन् मी पुन्हा कोनाच्या तरी हाताकडे पाहत बसीन. मले आता पाह्यलं तसं काढता येत नाही. काढायच्या आधी विचार येते का हे दुसऱ्याचं हाय का आपलं हाय. तेवढ्यात हात आखडते."

पुसदच्या गाडीची वेळ झाली होती. वर्षानं पुस्तक दुकानातल्या स्टुलावर ठेवलं आणि "येतो" म्हणाली. अस्मानं मान हलवली. वर्षा बाजाराच्या गर्दीतून जाताना बराच वेळ दिसत होती. अस्मा तिच्याकडे पाहत उभी राहिली नाही. तिनं बोर्डाचं उरलेलं अक्षर भरायला घेतलं. खताच्या दुकानाचा बोर्ड होता, संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

आत जहीर उठून बसला. चष्मा शोधला. स्टुलावरचं पुस्तक त्यानं थरथरत्या हातांनी मांडीवर घेतलं आणि हिच्या शिबिराचं ते हेच, असं ओळखून पानं उलटू लागला. रंग पाहिले, अक्षरांची वळणं पाहिली. मग तो पुन्हा पहिल्या पानाशी गेला, मग मागच्या पानाशी, आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवत खालच्या बारीक मजकुरापर्यंत आला.

"अस्मा, बेटा, तुझं नाव कोठी हाय?"

तिनं मागे वळून पाहिलं नाही. "नाही त्याच्यात, अब्बा."

"छापायचं राह्यलं असंन," जहीर म्हणाला. त्याचाही हात कधीकधी अक्षर सोडून पुढे गेला होता. "पुढल्या खेपेला टाकतीन."

"हो," ती म्हणाली. "टाकतीन."